सहा दिवसांचं प्रशिक्षण

इंदू सायकल शिकली ती सेहेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा तिचा नवरा श्रीपाद पोट धरून हसला, आणि वर कॉलनीत भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या मॅडम ऑलिम्पिकला निघाल्यात." माणूस वाईट नव्हता, पण ते हसणं तिला फार लागलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आपल्याच शाळेत शिकवणाऱ्या राजश्री आणि मृण्मयीबरोबर नांदेडहून किल्लारीपर्यंत सायकलने जाऊन यायचं ठरलं, तेव्हा तिने घरी ठोकून दिलं, "लातूरला सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे." शिक्षिकेला खोटं बोलायचं तर दुसरं सुचणार तरी काय!

आज शेवटचा दिवस. सकाळी लवकर त्यांनी जळकोट सोडलं. नांदेडला पोचल्यावर सायकल राजश्रीकडे ठेवायची आणि इंदूने बॅग घेऊन ऑटोने घरी जायचं, असं ठरलं होतं. मृण्मयीने तर पुराव्याला म्हणून वहीत सहा पानं टिपणंही लिहून दिली होती. राजश्रीला हे पसंत नव्हतं.

कंधार मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. इंदूचे पाय भरून आले होते, तरी इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे घरी कुणालाच सांगता येणार नाही, या विचाराने मात्र नांदेड जवळ येईल तसं तिचं तोंड उतरत चाललं.

लोह्याच्या अलीकडे त्या चहाला थांबल्या. टपरीवरची बाई चहा गाळता गाळता थांबली.

"बाई, तुमी? मी बबिता. सातवीला तुमच्या वर्गात होते. सायकलीवर कुठं निघालाव?"

"प्रशिक्षण होतं गं," इंदू म्हणाली.

मृण्मयी फिस्सकन हसली. राजश्रीने नुसतं इंदूकडे पाहिलं. बबिता थोडीच हसणार होती? तिला खोटं सांगायचं काय नडलं होतं? म्हणजे भीती एकट्या श्रीपादची नव्हती. आपण मजा करायला गेलो होतो, हे तोंडाने म्हणायचीच तिला लाज वाटत होती. तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

"बबिता, प्रशिक्षण-बिशिक्षण काही नव्हतं. आम्ही नुसत्या हिंडत होतो."

"मंग तसं सांगा की, बाई! लई झाक केलंत."

इंदूने तिथूनच फोन लावला. "अहो, मी सायकलवर येतेय. लातूरला प्रशिक्षण नव्हतंच. आम्ही तिघी किल्लारीला जाऊन आलो."

त्याचं हसणं ऐकायची तिने तयारी ठेवली होती. पण श्रीपाद हसला नाही.

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज दुखावलेला होता.

"तुम्ही हसला असता."

तो नाही म्हणेल, असं तिला वाटलं. पण तो हळूच म्हणाला, "हसलोच असतो गं."

तिचे डोळे भरून आले. त्याला खोटं बोलता आलं असतं; तो बोलला नाही.

"मग हसा आता," ती म्हणाली. "मला पोचायला अजून तीन तास लागतील. तोवर हसून घ्या."