तंबूशेजारचे पोस्टमास्तर

"आई गेली," असा मुलाचा फोन आला तेव्हा मी एका घरी ओट्याखाली आडवा पडून नळाचा सांधा घट्ट करत होतो. मी विचारलं, "कुठे?"

मला वाटलं, ही बहिणीकडे गेली असेल, नाहीतर बाजारात. सकाळी डबा हिनेच हातात दिला होता, वर "झाकण नीट लाव, मागच्यासारखं पिशवीत सांडू नकोस" असं ऐकवलंही होतं. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दवाखान्यात या." तेव्हा कळलं. सांधा अर्धवट सोडला असता तर त्या घरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात पाणी झालं असतं. तो पुरा केला आणि निघालो.

तेव्हा उन्हाळा लागत होता. पानगळ सुरू झाली तशी राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवरून फोन आला. दरवर्षीची ओढ्याकाठची तंबूची जागा हिने आधीच सांगून ठेवली होती. येताय ना, असं ते विचारत होते. मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

तंबू मी एकट्याने लावला. खुंट्या ठोकायला हातोडी होती, पण ही नेहमी ओढ्यातला दगडच आणायची. हातोडीने म्हणे खुंटी वाकते. मी आयुष्यभर हातोडी चालवली, मला सांगत होती! त्या दिवशी मीही दगडच आणला.

शेजारच्या जागेवर नेहमीप्रमाणे पोस्टमास्तर आणि त्यांची बायको होती. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, माझ्या बायकोला ते. पोस्टमास्तर हे नाव हिने ठेवलेलं. ते खरोखरच पोस्टातून निवृत्त झालेत, पण ही म्हणायची, ते इकडचं तिकडे पोचवतात म्हणून. आमची ओळख तेवढ्या चार दिवसांची, दरवर्षी. एकमेकांची घरं आम्ही पाहिलेली नाहीत.

"या या! यंदा उशीर केलात," पोस्टमास्तरांनी लांबूनच हाक मारली. "वहिनी कुठायत? गाडीत झोपल्या की काय?"

मी सरळ सांगितलं. म्हणालो, "ही गेली."

"गेल्या? आम्हाला न भेटता? मुलाकडे ना?" आणि बायकोकडे वळून, "ऐकलंस का, वहिनींनी यंदा दांडी मारली! नातवंडाची ओढ, दुसरं काय."

"मग बरोबरच आहे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्हाला बरं एकट्याला सोडलं त्यांनी. चहा तरी येतो का करता?"

दोघं हसली. मी तोंड उघडलं होतं, पण वहिनींनी तोवर कप हातात दिला. चहा गरम होता. पिऊन झाल्यावर सांगू, असं ठरवलं.

दुपारभर छान ऊन होतं. ओढ्यात पिवळी पानं वाहत होती. वहिनी निखाऱ्यात बटाटे भाजत होत्या आणि विषय सगळा हिचाच. ही पत्त्यांत कशी भांडायची. एकदा पोस्टमास्तरांनी पान लपवलं तर हिने त्यांच्या चपला तंबूत दडवल्या आणि ते अनवाणी चौकीपर्यंत तक्रार करायला गेले. एका वर्षी पाऊस आला तेव्हा चौघं आमच्या तंबूत दाटीवाटीने बसलो आणि ही म्हणाली, "कुणीतरी एकाने श्वास घेणं बंद करा, जागा होईल."

"काय बाई तोंडाची," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. हसून हसून पाणी आलं होतं.

घरी येणारेजाणारे हिची आठवण काढतात ती आवाज खाली करून. हे दोघं नवराबायको तसे नव्हते. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

ऊन कलल्यावर वहिनी ओढ्यावर भांडी विसळायला गेल्या. पोस्टमास्तर खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. हिचं ऑपरेशन झालं यंदा. छातीचं. बाहेर बाकावर बसलो होतो. मला घरात साखर कुठे ठेवतात तेसुद्धा माहीत नाही, एवढंच डोक्यात येत होतं. हसू नका."

"नाही हसत."

"आता बरी आहे. पण डॉक्टर म्हणाले, जपा. मनाला लागेल असं काही नको." त्यांनी काडीने निखारे उकरले. "तुम्हाला नाही कळायचं ते. आमच्या वहिनी ठणठणीत."

मी ओढ्याकडे पाहत होतो. वहिनी वाकून पातेलं घासत होत्या.

"हो," मी म्हणालो.

तोपर्यंत चूक त्यांची होती. ते ऐकण्यात चुकले होते. आता ती माझी झाली.

चार दिवस न थांबता मी दुसऱ्याच दिवशी आवरलं. निघताना वहिनींनी एक लोकरीची टोपी दिली. निळी. "ताईंना द्या. मोठी झाली तर सांगायला सांगा, उसवून देईन." मग माझा फोन नंबर घेतला. "इतक्या वर्षांत नंबर कसा घेतला नाही आम्ही बायकांनी? वेड्याच आहोत."

घरी येऊन तंबू गच्चीवर वाळत घातला. मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी बोलू का त्यांच्याशी?" मी नको म्हणालो. हे माझंच काम आहे.

वहिनींचा दोनदा फोन आला. एकदा मी म्हणालो, ही बाजारात आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, झोपली आहे. "झोपू द्या, झोपू द्या," त्या म्हणाल्या, "टोपी बसली का तेवढं विचारा."

मी म्हणालो, बसली.

पोस्टमास्तरांना तरी एकट्याला गाठून सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.