चौथी दाढ

नारायणने तोंडात बोट घालून डावीकडची दाढ दाखवली.

"ही. फार ठणकते."

"आज नाही, नारायणभाऊ." डॉक्टर तेजस्विनी एका खोक्याला सुतळी बांधत होती. "शनिवारी टेम्पो येतोय. खुर्ची, मशीन, सगळं परत दादरला."

"का?"

"एका पेशंटवर दवाखाना चालतो का?"

तो एक पेशंट नारायणच होता. किलवणी नाक्यावर पंक्चर काढायचा आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचा. चार महिन्यांपूर्वी, एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात, ही बाई काळा चष्मा आणि उंच टाचांच्या चपला घालून सिल्वासात उतरली, तेव्हा 'पंधरा दिवसांत पळेल' असं त्यानेच नाक्यावर जाहीर केलं होतं. सोळाव्या दिवशी तो स्वतःच तिच्या खुर्चीत होता. गावातली माणसं बाभळीच्या काडीने दात घासणारी. कुणाचा दात म्हणून हलत नव्हता. त्याचाही नव्हता. पण नुसतं तिच्यासमोर बसायचं तर कारण काय सांगणार? मग दर महिन्याला एका दाढेवर बोट ठेवायचं. तीन गेल्या होत्या, सगळ्या उजवीकडच्या.

"मग जायच्या आधी एवढी काढा," तो म्हणाला. आवाज चिडका निघाला. विनवणीसाठी त्याच्याकडे वेगळा आवाज नव्हता.

तिने सुतळी तशीच सोडली, हात धुतले आणि छोटा आरसा त्याच्या तोंडात धरला. बराच वेळ धरला.

"चांगली आहे ही."

"दुखते म्हटलं ना!"

"त्या तिन्हीही चांगल्याच होत्या."

नारायणने तोंड मिटलं. आरसा आत असतानाच मिटलं, त्यामुळे पुन्हा उघडावं लागलं.

"ठाऊक होतं? मग उपटल्या कशाला, मॅडम?"

तिने आरसा पुसला. मग तोच परत पुसला.

"काही झालेलं नाही असं सांगितलं असतं, तर परत आला असतात?"

तो जिभेने उरलेले दात एकेक करून चाचपत राहिला.

"महिन्याला एक म्हटलं तरी दोन-अडीच वर्षं निघतील," शेवटी तो गुरगुरला. "पुढे?"

"पुढे कवळी," तेजस्विनी म्हणाली आणि अर्धवट बांधलेल्या खोक्यात पक्कड शोधू लागली. "कवळीला सारखं यावं लागतं."