व्हरांड्यातले बुजगावणे

चार जुलैच्या आतषबाजीचा जळका कागद रस्त्यावरून अजून झाडलाही गेला नव्हता, तोच व्हर्ना स्टाउफरने दाराला काळा कागदी कावळा टांगला. एकतीस ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, म्हणजे पोरे भुतांची सोंगे घेऊन दारोदार गोड गोळ्या मागत फिरतात त्या सणाला, एकशे अठरा दिवस उरले होते. हा आकडा तिनेच कुंपणापलीकडून ऑरिन हॅस्केलला सांगितला. त्याने तो मनातल्या मनात तपासला आणि बरोबर निघाल्याचे पाहून त्याला किंचित आश्चर्य वाटले.

ऑरिनने ओहायोतल्या त्या लहानशा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून काम केले होते. पाण्यात शिसे किती, हे तो लोकांना रुचो न रुचो सांगत आला होता. निवृत्तीनंतर तपासायला पाणी उरले नाही, तेव्हा त्याने हवा तपासायला घेतली. परसात तापमापक होता, पर्जन्यमापक होता, आणि दवबिंदू मोजण्याची सोय होती. सकाळी पावणेसातला आणि संध्याकाळी सातला तो मेपलच्या रांगेतून फेरी मारी. खिशात वही असे. भुते, नवस आणि पंचांगातले हवामानाचे अंदाज या तिघांना तो एकाच पंगतीत बसवी.

"तुझी ती उन्हाळी टोपी दे ना मला," व्हर्ना म्हणाली. "मोठ्या काठाची. तुझ्या डोक्यावर तशीही ती वायाच जाते."

"कशाला?"

"बुजगावणं करतेय. व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचं, मांडीवर गोळ्यांचं पातेलं. पोरं गोळ्या घ्यायला वाकली की बुजगावणं त्यांचं मनगट धरणार."

"पेंढा मनगट धरत नाही."

"म्हणून तर त्या दिवशी पेंढ्याच्या जागी मी बसणार. तेच कपडे, तेच पोत्याचं तोंड. लोक तुला हुशार का म्हणतात, देव जाणे."

"गेल्या वर्षी हेच केलं होतंस."

"केलं होतं. आणि त्या कोपऱ्यावरच्या घरातली कार्टी फाटकातूनच म्हणाली, 'मिसेस स्टाउफर, तुम्ही श्वास घेताय.' सात वर्षांची पोर. माझी सगळी मेहनत पाण्यात."

ऑरिनने चष्मा पुसला. हा प्रश्न आपल्या आवाक्यातला आहे, असे त्याला वाटले आणि तिथेच तो अडकला.

"तू ते ऑक्टोबरात बसवलं होतंस," तो म्हणाला. "नवी वस्तू दिसली की कुठलाही जीव सावध होतो. तीच वस्तू शंभर वेळा दिसली आणि काहीच घडलं नाही, की मेंदू तिची दखल घेणं सोडतो. गोगलगायीलासुद्धा हे जमतं. पोरांना फसवायचं असेल तर आत्ताच बसव, भर उन्हाळ्यात. रोज, एकाच जागी, त्याच कपड्यांत. ऑक्टोबर येईपर्यंत ते त्यांच्या लेखी विजेचा खांब होईल."

व्हर्नाने कुंपणावर कोपर टेकले. "म्हणजे शास्त्र माझ्या बाजूनं आहे तर."

"शास्त्र कुणाच्याच बाजूनं नसतं."

"टोपी दे."

त्याने टोपी दिली.

दुसऱ्या आठवड्यात बुजगावणे खुर्चीवर बसले. लांब बाह्यांचा काळा झगा, बागकामाचे पिवळे हातमोजे, शिवलेल्या ओठांचे आणि कोळशाने काढलेल्या डोळ्यांचे पोत्याचे तोंड, त्यावर ऑरिनची टोपी. सगळा रस्ता हसला. मक्याची कणसे अजून हिरवी होती, मुले फवाऱ्याखाली उघड्या अंगाने नाचत होती, आणि या बाईच्या दारात शिशिराची प्रेतकळा. टपालवाली डॅनिता येता-जाता त्याला "काय म्हातारे, ऊन लागतंय का?" असे विचारू लागली. ऑरिनच्या वहीत जुलैमध्ये त्याचा उल्लेख पाच वेळा आहे. ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत एकदाही नाही. प्रयोग अपेक्षेप्रमाणे चालला होता, आणि नमुन्यांत आपणही आहोत हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

व्हर्नाचा उत्साह मात्र दिवसागणिक चढत होता. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. डॉक्टरांनी तिला उन्हात बसू नये असे बजावले होते, आणि ते बजावणे तिने फ्रीजच्या दारावर, भोपळ्याच्या आकाराच्या चुंबकाखाली, लावून ठेवले होते. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तिचे दार टपालवालीखेरीज कोणी ठोठावत नसे. एकतीस ऑक्टोबरला साठ-सत्तर पोरे ठोठावत. ऑरिनला हे ठाऊक होते. त्याचे स्वतःचे दार त्या दिवशीही कोणी ठोठावत नसे, कारण तो दिवा मालवून बसे. व्हर्नाशी त्याचे बोलणे कुंपणावरूनच होई. तिच्या व्हरांड्याच्या चार पायऱ्या तो गेल्या तीन वर्षांत चढला नव्हता.

ऑगस्टच्या बारा तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तो तिच्या घरापुढून गेला. तापमान शहाऐंशी अंश फॅरनहाइट, दवबिंदू एकाहत्तर, वारा नाही. बुजगावणे खुर्चीवर होते. त्याच्या बाजूच्या तिपाईवर लिंबू सरबताचा उंच पेला होता. पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगत होता आणि काचेवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. व्हर्नाने देखाव्यात भर घातली आहे, असे त्याच्या मनात आले. थेंब त्याने पाहिले. त्यांचा अर्थ लावला नाही. तो पुढे गेला.

बुधवारी सकाळच्या नोंदीत पावसाच्या अंदाजाखाली एक ओळ आहे: "बुजगावण्याची मान डावीकडे कलली आहे. पेंढा दबला असावा. व्हर्नाला सांगणे." पेला काठोकाठ भरलेला होता, बाहेरून कोरडा, आणि आत एक गांधीलमाशी बुडालेली होती. हे वहीत नाही. हे त्याला नंतर आठवले. त्या संध्याकाळी वाऱ्यासकट तिरप्या सरी आल्या. बुजगावणे भिजत होते. त्याने घरून तिला फोन लावला, आणि उघड्या खिडकीतून पलीकडे वाजणारी घंटा त्याला ऐकू आली. ती कोलंबस शहरात भाचीकडे गेली असेल, असे ठरवून त्याने फोन ठेवला. वस्तू पावसात टाकून जाणे हा तिचा निष्काळजीपणा त्याला पटला नाही.

गुरुवारी पावणेअकराला डॅनिता त्याच्या दारात आली. तिच्या हातात खोके होते आणि ते ती खाली ठेवत नव्हती.

"मिस्टर हॅस्केल, जरा येता का?" ती म्हणाली. "मी नेहमीसारखं पार्सल बुजगावण्याच्या मांडीवर ठेवायला गेले. माझा हात हातमोज्याला लागला. पेंढा असा लागत नाही हो."

खोक्यात प्लास्टिकचे दोनशे कोळी होते. खरे बुजगावणे दाराच्या आत, कोट टांगायच्या खुंटीला, उघडेबोडके अडकवून ठेवले होते.

कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीतून एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी ऑरिनची वही दहा मिनिटे वाचली आणि बुधवारच्या ओळीची छायाप्रत मागितली. हृदय बंद पडले, असे त्या म्हणाल्या. उकाडा, वय, तोंडावर पोते. वेळ मंगळवार दुपार ते बुधवार पहाट यांच्या दरम्यान कधीतरी.

"क्षणात गेल्या असतील," त्या उठताना म्हणाल्या. "झोप लागावी तशा."

"हे कशावरून?"

बाईंनी वही त्याच्या हातात दिली. "असं आम्ही म्हणतो," त्या म्हणाल्या.

दुपार ते पहाट हे अंतर ऑरिनला फार मोठे वाटले. त्याच्यापाशी याहून चांगले मोजमाप होते. तसल्याच उंच पेल्यात सरबत आणि बर्फ घालून त्याने तो आपल्या व्हरांड्यात ठेवला आणि घड्याळ लावून बसला. तीन दिवस संध्याकाळी, तापमान जवळपास तेच. बर्फाचा शेवटचा तुकडा नाहीसा व्हायला एकदा एकेचाळीस मिनिटे लागली, एकदा अडतीस, एकदा चव्वेचाळीस. तिने बर्फ किती घातला होता हे अज्ञात होते. ती त्रुटी त्याने नोंदवली. तरीही निष्कर्ष टळत नव्हता. तो पेला बाहेर येऊन पाऊण तासाहून अधिक वेळ झालेला नव्हता. म्हणजे साडेसहाच्या सुमारास ती चालत होती, बर्फ काढत होती, पोते तोंडावर चढवत होती. सात वाजून बारा मिनिटांनी तिचे काय झाले होते, एवढेच पेला सांगत नव्हता. पदपथापासून खुर्चीपर्यंतचे अंतर त्याने फितीने मोजले. एकोणीस फूट, वर चार पायऱ्या.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी भाची पॉलेट घर आवरायला आली. पन्नाशीची, थकलेली बाई. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. फ्रीजवर भोपळ्याखाली डॉक्टरांचा कागद अजून होता.

"त्या बाई म्हणाल्या, मावशी क्षणात गेली," पॉलेट म्हणाली. "तुम्ही शास्त्रातले. खरं असेल ना ते?"

होय म्हणणे सोपे होते. ऑरिनने कॉफीचा कप टेबलाच्या कडेशी समांतर सरकवला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "कुणालाच माहीत नाही. मंगळवारी सात वाजून बारा मिनिटांनी मी पुढून गेलो. त्याआधी पाऊण तासाच्या आत ती नक्की जिवंत होती. मी गेलो तेव्हाही असेल. कदाचित तिला बरं वाटत नसेल, हाक मारता येत नसेल. मी बघितलं आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी दोनदा गेलो, पण तेव्हा उपयोग नव्हता. आणि ते उन्हाळ्यात बसवायची कल्पना माझी होती, हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं."

बाहेर रातकिडे किरकिरू लागले होते.

"कल्पना तुमची, हे माहितीये मला," पॉलेट म्हणाली. "तिनंच सांगितलं. तुम्ही तिचं काहीतरी मनावर घेतलंत म्हणून केवढी खूश होती." तिने डोळे पुसले नाहीत; ते आपोआप वाळू दिले. "रविवारी फोन केला होता तिनं. हसता हसता ठसका लागला. म्हणाली, 'त्या प्रोफेसरला दोनदा फसवलं. शुक्रवारी आणि शनिवारी. साताला येतो, घड्याळ लावून घ्यावं असा. मी श्वास रोखून बसते. माझ्या तोंडाकडे बघतो आणि सरळ पुढे जातो. आता पोरांची काय बिशाद.'"

ऑरिनने खिशातून वही काढली आणि शुक्रवारचे पान उघडले. तापमान, दवबिंदू, दोन कबुतरे, एक ससाणा. शनिवारच्या पानावर ससाणाही नव्हता.

"म्हणजे मंगळवारीसुद्धा ती तुमच्यासाठीच बसली असेल," पॉलेट म्हणाली. "तुम्ही गेलात तेव्हा आतल्या आत हसत असेल. तुम्ही गेल्यावर मग झालं असेल जे व्हायचं ते. असं असू शकतं ना?"

"असू शकतं."

"हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, असं वाटलं मला."

त्याने विचार केला. तिच्या शब्दांनी शक्यता कमी झाल्या नव्हत्या. एक वाढली होती. गंमत म्हणून श्वास रोखून बसलेली बाई आणि श्वास संपलेली बाई एकोणीस फुटांवरून सारखीच दिसते. जवळ जाऊन पाहण्याखेरीज त्यात फरक करण्याची पद्धत नाही.

"तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत," तो म्हणाला.

निघताना पॉलेटने दारामागचे बुजगावणे आणि कॉरोनरच्या कचेरीतून परत आलेली टोपी दाखवली. "कचऱ्याची गाडी सोमवारी येते. टाकून देऊ?"

"टोपी माझी आहे," ऑरिन म्हणाला. मग म्हणाला, "राहू द्या त्याला. घर विकेपर्यंत."

पॉलेटने कपाटातून एक जुना झगा काढून त्याला चढवला, नवे हातमोजे घातले, डोक्यावर ऑरिनची टोपी ठेवली आणि त्याला खुर्चीवर बसवून ती कोलंबसला परतली.

पहिल्या संध्याकाळी ऑरिन फाटकाशी थबकला. चार पायऱ्या चढला, वाकला, आणि उजवा हातमोजा मनगटापाशी दाबला. आत पेंढा करकरला. दुसऱ्या संध्याकाळी त्याने तेच केले, आणि तिसऱ्या. उत्तर ठाऊक असलेला प्रयोग पुन्हा पुन्हा करणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे त्याला चांगले माहीत होते. प्रयोगशाळेत त्याने तो शब्द इतरांसाठी वापरला होता. समोरच्या घरातल्या बाईने पहिल्या आठवड्यात पडदा सरकवून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात तिने पाहणे सोडले. रोज संध्याकाळी व्हरांड्यात वाकणारा म्हातारा आता रस्त्याच्या सवयीचा झाला होता.

वहीत त्या महिन्याअखेरपासून रोज एक रकाना जास्त आहे. एक सप्टेंबरची नोंद अशी: "सायं. ७:१२. तापमान ७९. दवबिंदू ६४. वारा नाही. हातमोजा: पेंढा. हॅलोवीनला साठ दिवस."