येऊ का?

प्रभाताईंनी फ्रिजमधला तिसरा डबा उघडून वास घेतला. पहिल्यात क्वार्क निघालं होतं, दुसऱ्यात कसलीशी आंबट साय. ह्या देशात दह्याला इतकी भावंडं असतील असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्यातलं थोडं चमच्यावर घेऊन त्यांनी चव पाहिली, मान डोलावली आणि वाटीत दही काढून त्यावर साखर घातली.

"अहो आई, दही कुणाला?" बुटाचे बंद बांधता बांधता स्वरूपानं विचारलं. सून गेर्लिंगेनच्या ऑफिसला निघायच्या घाईत होती.

"सोमला. बर्लिनला चाललीय ना आज? महत्त्वाचं काम आहे. तसंच कसं पाठवायचं?"

स्वरूपा बंद हातात धरून सासूकडे बघतच राहिली. बघण्यासारखंच होतं ते. झिंडेलफिंगेनला आल्यापासून प्रभाताईंनी सोमपुढे स्वतःहून चहाचा कपसुद्धा केला नव्हता.

सोम थायलंडची. तिकडे पदवी घेऊन पुढचं शिकायला स्टुटगार्टला आली, शिक्षण संपलं, पण मनाजोगी नोकरी काही मिळाली नाही. नातू आरव दीड वर्षाचा होता तेव्हापासून, म्हणजे अडीच वर्षं, ती त्याला दुपारी किटामधून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, आणायची आणि आईबाप घरी येईपर्यंत सांभाळायची. सोम म्हणजे त्यांच्या भाषेत संत्रं. प्रभाताई मात्र पुण्याला फोन लावला की तिला 'सोमवार' म्हणत.

"सोमवार आली की हा पोरगा माझ्याकडे ढुंकून बघत नाही, अहो."

"जेवतो ना नीट?" पलीकडून उल्हासराव विचारत.

"जेवतो. पण तिच्या हातून."

"मग झालं तर."

नवऱ्याला कळायचं नाही हे त्यांनी ओळखलं आणि विषय सोडून दिला. मत्सर त्यांना वाटत होता, अगदी सरळसरळ. नातवासाठी मेतकूट, तूप, गोड्या लिंबाची चटणी असं सगळं बॅगेत भरून त्या आल्या होत्या. ह्या मुलीनं तांदळाची पातळ पेज करायची, त्यात अंडं फोडायचं, आणि पोरानं "सोम, सोम" करत वाडगा चाटून ठेवायचा. मऊभात पुढे केला की मात्र तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. बरं, मराठी त्याला कळायचं सगळं. 'पाणी आण' म्हटलं की आणायचा. पण बोलायचा जर्मनमध्ये. आणि एक दिवस दाराआडून प्रभाताईंनी ऐकलं तर घास मोजत होता, "नुंग, साँग, साम."

"हे काय?" त्यांनी रात्री मुलाला विचारलं.

"थाय आकडे आहेत, आई," हृषिकेश हसून म्हणाला. "मस्त ना? जर्मन, इंग्रजी, थाय. चार वर्षांत तीन भाषा."

त्या तिन्हींत आपली मोजलेली नाही हे प्रभाताईंनी मनातल्या मनात मोजलं. हसल्या मात्र नाहीत.

तसा पहिल्या दिवशी त्यांना चांगलाच भ्रम झाला होता. विमानतळावरून आल्या आल्या दारातच गुडघ्यांवर बसून त्यांनी हात पसरले होते. "येऊ का रे राजा तुझ्याजवळ?"

आरवनं त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "या."

प्रभाताईंचे डोळे भरून आले. परदेशात वाढलेलं पोर, आणि आजीला अहोजाहो करतंय! त्यांनी त्याच पावली पुण्याला फोन लावला. "अहो, मला 'या' म्हणाला!" उल्हासरावांनीही लगेच खालच्या मजल्यावर जाऊन सांगितलं. रात्री स्वरूपानं जपून, चाचरत सांगितलं, की आई, जर्मनमध्ये 'या' म्हणजे नुसतं 'हो'. दूध हवं का, या. शी आली का, या. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमनं दार उघडलं आणि पोरगा "या, या, या!" करत तिच्या गळ्यातच पडला.

तर आता ती सोम जाणार होती. ऑस्ट्रेलियाला, वर्षभरासाठी. पदवी आहे, वय तीसच्या आत आहे, मग म्हणे असा एक व्हिसा मिळतो, त्यावर हिंडायचं आणि हिंडता हिंडता काम करायचं. आधी तिच्या सरकारचं पत्र झालं, मग इंग्रजीची परीक्षा झाली, आता बोटांचे ठसे द्यायला बर्लिनचा टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, होता. प्रभाताईंना ह्याही गोष्टीचं वाटायचं ते वाटलंच. पदवी त्यांच्याकडेही होती, बी.कॉम., फर्स्ट क्लास. तीसच्या आत त्यांनी हिंडता हिंडता काम केलं होतं ते ओट्यापासून मोरीपर्यंत. आत्ताचा त्यांचा व्हिसाही मोठा गमतीचा. त्यावर काम करायला सक्त मनाई. रोज सकाळी उठून पंधरा पोळ्या लाटायच्या, त्या त्यात धरत नसावेत.

पण सोम जाणार ह्या बातमीनं त्यांना पहिल्यांदाच त्या घरात शांत झोप लागली. ती गेली की पोर आपलं. परतीच्या तिकिटाआधी थोडे दिवस मिळाले तरी पुरे. तेवढ्यात तो आपल्या हातून जेवेल, मांडीवर बसेल, एखादा तरी मराठी शब्द बोलेल. म्हणून तिचा व्हिसा व्हावा असं सोमच्या आईच्या खालोखाल जर कुणाला वाटत असेल तर ते प्रभाताईंना.

बेल वाजली. सोम घराची किल्ली परत द्यायला आली होती, बर्लिनहून उद्याच परतणार म्हणून. पाठीवर पिशवी, केस घट्ट बांधलेले, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. आरव पायजम्यातच धावत आला आणि तिच्या पायाला बिलगला.

"थांब," प्रभाताई म्हणाल्या. "हात कर."

सोमनं स्वरूपाकडे पाहिलं. स्वरूपानं जर्मनमध्ये काहीतरी समजावलं. सोमनं उजवा हात पुढे केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, चपला काढून नीट उभी राहिली. प्रभाताईंनी तिच्या तळहातावर चमचाभर दही-साखर घातली. आरव मान वर करून टक लावून बघत होता.

सोमनं ती चाटून घेतली, डोळे मिटून.

"हात धुऊन जा म्हणावं," प्रभाताई सुनेला म्हणाल्या, "नाहीतर मशीनवर दह्याचे ठसे उमटायचे."

सगळ्या हसल्या. सोम हात धुऊन आली, पिशवी सावरली आणि दारात थांबली. ह्या घरातून निघताना स्वरूपा तिला रोज काय म्हणते ते तिला पाठ होतं. तेच ऐकायला ती थांबली होती.

प्रभाताईंनी उभ्या जन्मात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'जा' म्हटलं नव्हतं. पेपरवाल्याला नाही, भांडून निघालेल्या जावेला नाही. 'ये' म्हणायचं, 'या' म्हणायचं. आज त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

"जा."

सोमच्या कपाळाला बारीक आठी पडली. तिनं स्वरूपाला हळूच काहीतरी विचारलं. ते जर्मनमध्ये होतं, पण त्यातला एक शब्द मराठी होता, 'ये', आणि तो शेवटी प्रश्नासारखा वर गेला होता. प्रभाताईंना भाषांतराची गरज पडली नाही.

"उशीर होतोय गं तिला," त्या म्हणाल्या आणि वाटी धुवायला वळल्या.

व्हिसा आला. सोम खूप रडली, आरवला नवी चित्रं आणि रंग देऊन गेली. आधी आईकडे, मग तिथून ऑस्ट्रेलियाला. जाताना ती प्रभाताईंच्या पाया पडली. ते तिला कुणी शिकवलं होतं, की त्यांच्याकडेही असतं, हे प्रभाताईंनी विचारलं नाही.

आणि पोर त्यांचं झालं नाही. दुपारी त्या किटामधून त्याला आणत, तो बोट धरून मुकाट्यानं येई आणि बैठकीच्या खिडकीशी बसे. पेज नको, मऊभात नको. तिसऱ्या दिवशी प्रभाताई त्याच्यासमोर ताट घेऊन बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, घरात कुणी नव्हतं. मग घास उचलून त्या पुटपुटल्या, "नुंग."

आरवनं मान वळवली.

"साँग," त्या म्हणाल्या. "सम."

"साम," त्यानं सुधारलं, आणि तोंड उघडलं.

ज्या बाईचं नाव घ्यायची इच्छा नव्हती तिच्या भाषेत मोजून त्यांनी ताट संपवलं. चडफडतच मोजलं, पण संपवलं. त्यानंतर रोज तसंच चाललं. तो थोडा जवळ सरकू लागला, झोपताना त्यांच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागला. बोलायचा मात्र जर्मनच.

एकदा रात्रीच्या जेवणाला स्वरूपानं दही वाढलं तर त्यानं वाडगा सरळ लांब ढकलला आणि आईला काहीतरी विचारलं. 

"काय म्हणतोय?"

"काही नाही, आई."

"अगं सांग की."

"विचारतोय, ओमानं, म्हणजे आजीनं, सोमला दही का दिलं?"

प्रभाताईंनी पाण्याचा पेला उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

निघायचा दिवस आला. हृषिकेश बॅगा घेऊन खाली गाडीकडे गेला. प्रभाताईंनी मनात एक गोष्ट ठरवून ठेवली होती. मराठीचा हट्ट त्यांनी सोडला होता. दारात त्या त्याला विचारणार होत्या, येऊ का? म्हणजे तो सवयीनं 'या' म्हणणार. तो काय समजून म्हणतो ह्याच्याशी आता त्यांना कर्तव्य नव्हतं. कानाला ते 'या' असंच ऐकू येणार होतं, आणि तेवढं घेऊन त्या पुण्याला जाणार होत्या.

त्या बूट घालून उभ्या राहिल्या तेव्हा आरव दिसेना. फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघरातून आला तो दोन्ही हातांनी डबा धरून, त्यात चमचा रोवलेला. डबा क्वार्कचा होता. प्रभाताईंना ते लांबूनच कळलं. तरी त्यांनी वाकून हात पुढे केला. जीभ बाहेर काढून, फार काळजीनं, त्यानं तळहातावर एक गोळा ठेवला.

"येऊ का रे राजा?" त्यांनी विचारलं.

आरवनं चमचा डब्यात परत ठेवला. मान ताठ केली. सोम बर्लिनला निघाली त्या सकाळी त्यांचा जसा निघाला होता तसाच मोठा, स्पष्ट आवाज काढून म्हणाला,

"जा."

आणि शाबासकीसाठी तोंडाकडे बघत उभा राहिला.

"आरू, असं नाही," स्वरूपा घाईघाईनं पुढे आली. "आजीला 'ये' म्हणायचं. म्हण, ये..."

प्रभाताईंनी तळहात तोंडाशी नेला आणि चाटूनपुसून साफ केला. साखर घालायला तो विसरला होता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मराठीत बोललाय तो."