खंडेनवमीची अंघोळ

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. सेल म्हटल्यावर तुम्हाला बॅटरीतला सेल आठवला असेल, पण त्याचं माझं नातं नाही. जुन्नरजवळच्या डिंगोऱ्यात गोरख आणि अश्विनी या नवराबायकोचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथल्या स्विमिंग टँकच्या मागं पंपाची खोली आहे, आणि त्या खोलीतल्या एका पाइपात मी वर्षानुवर्षं बसून होतो. टँकच्या पाण्यात थोडं मीठ घातलेलं असतं. ते पाणी माझ्या पोटातून जायचं, मला वीज मिळायची आणि मी त्या मिठातून क्लोरीन तयार करायचो. क्लोरीनमुळं पाणी स्वच्छ राहतं. शहरातून आलेले पाहुणे काठावर पाय सोडून एकमेकांना सांगायचे, की या पाण्यात क्लोरीन नाही बरं का, नुसतं मीठ आहे. काम माझं आणि नाव मिठाचं. पण मी कुरकुर केली नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढं मला कळत होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या आत धातूच्या पातळ पट्ट्या आहेत, वहीच्या पानांसारख्या जवळजवळ लावलेल्या. त्यांच्यावर एक काळसर लेप आहे. दिसायला तो अगदी साधा. भांड्याला काजळी धरली आहे असंच कुणालाही वाटेल. पण माझा सगळा जीव त्या लेपात आहे. धातू फक्त त्याला धरून ठेवतो.

जुन्नरला पंपांचं दुकान चालवणाऱ्या पिंटूशेठनं मला इथं बसवलं. जाताना तो म्हणाला, "गोरखभाऊ, आपल्या बोअरचं पाणी जड आहे. सेलवर पांढरा क्षार साचणार. तो दिसला की पाण्यात थोडं ॲसिड टाकून त्यात सेल भिजवायचा. घासायचा मात्र नाही." गोरख तेव्हा फोनवर होता. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो चढला होता. "व्हय, व्हय," असं म्हणून त्यानं मान हलवली. ती मान टोमॅटोसाठी हलली होती, माझ्यासाठी नाही.

हा टँक पाहुण्यांसाठी बांधला असं लोक समजतात. ते अर्धंच खरं आहे. आमच्या भागात जिकडं पाहावं तिकडं शेततळी आहेत. त्यांच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला, शेवाळला, की आत पडलेल्या माणसाच्या हाताला धरायला काही लागत नाही. गोरखचा चुलतभाऊ कुशाबा असाच गेला. पाइप ओढायला वाकला, पाय घसरला, आणि त्याला पोहता येत नव्हतं. अश्विनीचं माहेर कळंबचं, घोड नदीत डुंबत ती मोठी झालेली. टँक बांधायचं ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती. शनिवार-रविवार पाहुण्यांचे, बाकीच्या दिवशी संध्याकाळी गावातली पोरं शिकणार.

आणि पोरं शिकली. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पाण्यात उतरायची, आणि हातपाय चालायला लागले की डबा सोडायची. डबा सुटलेलं पोर पहिल्यांदा पलीकडच्या काठाला लागलं की जो गलका व्हायचा, तो पंपाच्या आवाजातही मला ऐकू यायचा. ती माझी शाबासकी होती.

एकीचा डबा मात्र सुटत नव्हता. शेजारच्या हौशीरामआप्पांची नात संस्कृती. ती डब्यासकट छान पोहायची, आणि डबा सोडायचं नाव काढलं की काठाला घट्ट धरून बसायची. त्याच वर्षी आप्पांनी घराला लागून नवं शेततळं खोदलं होतं. पाऊस सरला आणि आप्पा ते विहिरीच्या पाण्यानं भरू लागले.

"सूनबाई, माझी नात कवा शिकायची?" आप्पा अश्विनीला विचारायचे. "तळं भराय लागलंय."

"शिकंल आप्पा. तवर तिला तिकडं फिरकू देऊ नका."

"जाळी मारलीया. पर पोरास्नी जाळी कुठं आडवती?"

अशातच खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडं कामाच्या सगळ्या अवजारांना अंघोळ घालून त्यांची पूजा करतात. गोरखनं ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा ब्लोअर धुतला, कोयते-विळे लखलखीत केले. मग तो पंपाच्या खोलीत आला आणि त्यानं मला पाइपातून बाहेर काढलं. माझ्या अंगावर पांढरा थर होता आणि त्याखाली काळा.

"लई मळला की राव," तो मायेनं म्हणाला. "सगळ्यात जास्त राबतो आन् याच्याकडंच कुणाचं ध्यान न्हाई."

मित्रांनो, इतकं गोड माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मग त्यानं तारेचा ब्रश घेतला. पांढरं गेलं, तरी काळं दिसत होतं म्हणून त्यानं आणखी जोर लावला. माझ्या बाहेरच्या पट्ट्या कोऱ्या ताटासारख्या चमकू लागल्या, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. त्यानं मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. त्याची भक्ती खरी होती. मला वाईट वाटलं ते त्याचंच. ज्यानं माझी कदर केली, त्याच्याच हातून माझा जीव खरवडला गेला होता.

पुढं व्हायचं तेच झालं. पाणी आधी गढूळलं, मग हिरवं पडलं. गोरखला वाटलं मीठ कमी पडतंय. तो पोती ओतत राहिला. जेवणाऱ्याला दात नाहीत आणि हा ताटात आणखी वाढतोय, अशी गत. शेवटी अश्विनीनं पोरांचं शिकणं बंद केलं. तिकडं आप्पांचं तळं काठोकाठ भरलं होतं.

"काढून टाकतो ह्याला भंगारात," गोरख वैतागून म्हणाला. "टँकबी बुजवू. नसती भानगड."

"अन् संस्कृती?" अश्विनीनं विचारलं.

तिनं पिंटूशेठला बोलावलं. त्यानं मला हातात घेतलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "हा कुणी घासला?"

गोरखनं माझ्या चमकत्या पट्ट्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्या. खंडेनवमीला."

पिंटूशेठ हसला नाही. "भाऊ, बाहेरच्या पट्ट्या गेल्या. आतल्या फटीत ब्रश पोचला नाही म्हणून तेवढ्या वाचल्यात. त्यांच्यावर क्षार आहे. तो भिजवून काढा."

ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या की त्यात ॲसिड सोडण्याचं काम अश्विनीचंच असायचं. तिनं हातमोजे घातले, उघड्यावर बादलीत आधी पाणी घेतलं, मग त्यात बेतानं ॲसिड ओतलं आणि मला आत ठेवलं. फसफस सुरू झाली. थोड्या वेळानं गोरखचा हात स्क्रूड्रायव्हरकडं गेला. कोपऱ्यात जरा राहिलंय, टोकरतो म्हणाला.

"टोकरू नका," ती म्हणाली. "त्याचं तो सोडंल."

तो उकिडवा बसून राहिला. मित्रांनो, ज्याचे हात सदा कामात, त्याला काही न करता बसणं किती जड जातं ते मी बादलीतून पाहिलं. बुडबुडे थांबले, मला स्वच्छ पाण्यानं धुतलं आणि पुन्हा पाइपात बसवलं. हिरवं पाणी त्यांनी हातानं क्लोरीन टाकून निवळून घेतलं. ते निवळ ठेवायचं काम माझं होतं.

"चार पोरं झेपतील याला," पिंटूशेठनं सांगितलं. "दिवाळीची गर्दी झेपणार नाही. गर्दीला नवा सेल लागेल, आणि तो स्वस्त नाही."

दिवाळीसाठी सगळ्या खोल्या आधीच बुक झालेल्या होत्या. गोरख फोन घेऊन ओट्यावर बसला. "पावणं, या तुमी, पर यंदा टँक न्हाई मिळायचा," असं एकेकाला सांगत गेला. काहीजण आले, काहींनी बेत रद्द केला. नवा सेल पुढच्या हंगामावर गेला आणि टँक पोरांना मिळाला.

मी उरलेल्या पट्ट्यांवर राबलो. मला ठाऊक होतं की आता माझे दिवस थोडे आहेत, आणि मला एवढंच हवं होतं की संस्कृतीच्या आधी मी बंद पडू नये. दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी बाहेर एकदम शांतता पसरली. मला धास्ती वाटली. मग पलीकडच्या काठावरून आप्पांचा चिरका आवाज आला, "आली गं माझी बाय!" आणि मागोमाग तो गलका.

यंदा माझ्या जागी नवा सेल बसला. खंडेनवमीला गोरखनं सगळी अवजारं पुन्हा लखलखीत केली. संस्कृती मदतीला आली होती. तिनं मला उचललं आणि तारेच्या ब्रशकडं हात नेला. गोरखनं तो ब्रश काढून घेतला.

"ह्याला न्हाई, बाळा. ह्याला नुसतं पाणी."

मित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय सोसतं हे आधी विचारून घ्या. माया तर गोरखकडं पहिल्यापासून होती. आता मी काहीच करत नाही, तरी त्यानं मला ओल्या फडक्यानं पुसून पाटावर ठेवलं. संस्कृती घरी पळाली आणि तिनं तिचा तेलाचा डबा आणून माझ्या शेजारी मांडला. त्यालाही हळदकुंकू लागलं. त्याची दोरी सोडून ठेवलेली होती.