दोन क्लच आणि पंचफुला

दौलतसिंगनं पुढचं दार उघडलं, तर पंचफुला तिथं आधीच बसलेली. मांडीवर कारंज्याच्या बाजारात न्यायच्या मेथीच्या जुड्यांची पिशवी, पट्टा लावलेला, नजर समोर.

"वयनी, गाडी घेनारा म्या हाय. मले तं पुढं बसू द्या."

"मांगं लय जागा हाय भाऊ," ती म्हणाली. "पाय लांबवून बसा."

दौलतसिंग मागे जाऊन बसला. स्टेअरिंगवर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, नीट असलेला आरसा पुन्हा नीट केला. हसू लपवायला तेवढंच काम हाताशी होतं.

गाडी त्यांच्या मुलाची, प्रज्वलची. पुण्यात नवी घेतल्यावर जुनी त्यानं कामरगावला आणून दिली. बाबांचा डावा गुडघा गेलेला आणि या गाडीत डाव्या पायाला कामच नाही, असा हिशेब. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही. आत दोन क्लच होते, ते आपसात पाहून घेत. दोन भावांनी आपसात पाहून घ्यायचं ठरवल्यावर जे होतं, तेच इथंही होई. मोकळ्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी. बाजाराच्या गर्दीत मुंगीच्या चालीनं फर्लांगभर गेली की हिसके देई, समोर लाल दिवा लागे, आणि मग पंधरा मिनिटं ती कुणाचंच ऐकत नसे. अकोल्याच्या गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सच बदला म्हटल्यावर प्रज्वलनं पुण्यात बसूनच कारंज्याचं गिऱ्हाईक शोधलं, ते हा दौलतसिंग.

इलाज सापडला तो पंचफुलाला. एका सोमवारी, बाजाराच्या गर्दीत ती एकाएकी म्हणाली, "थांबा."

मारोतरावांनी ब्रेक दाबला. "काहून?"

"हिसक्याच्या आधी ते बारीक थरथरते. आयकू नाई येत तुमाले? बैलं हायेत ते दोन. एक ओढते, दुसरा तयार राह्यते. तुमी दोघायलेही अर्ध्या ओढीवर धरून ठेवता. फेस काढतीन नाई तं काय? पुरे थांबा. पुढं जागा होऊ द्या. मंग एका दमात काढा."

तिनं जन्मात स्टेअरिंगला हात लावला नव्हता. त्या दिवसापासून गाडी एकदाही अडली नव्हती. मारोतराव मनातून थक्क झाले होते. तोंडानं ते "बरं" म्हणाले. बायकोच्या सांगण्यावरून ते चाळीस वर्षांत प्रथमच थांबायला लागले होते, आणि त्यांच्या तब्येतीला ते मानवतही होतं.

बैलगाडीत ती मागे बसायची, मोटारसायकलवरही मागे. बाजाराच्या जीपमध्ये तर अकरा माणसांत ती कुठं आहे, हे उतरल्यावर कळे. शेजारी बसली ती याच गाडीत.

"आईला सोबत न्या," प्रज्वलनं फोनवर बजावलं होतं. "ती असली की गाडी नीट चालते. बाकी दौलतकाकांना काही सांगू नका."

खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मारोतरावांना तेच जड जात होतं.

मोकळ्या रस्त्यावर गाडी पळाली. मागून दौलतसिंग म्हणाला, "मक्खन हाय, मारोतराव. एकदम मक्खन. उद्याच नेतो म्या."

पंचफुलानं मेथीची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

कारंज्याच्या अलीकडे पुलाच्या चढावर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एक ट्रॉली वीतभर सरके, थांबे, पुन्हा सरके. गाडीही तिच्यामागे वीतवीत सरकू लागली. मारोतरावांनी कान पंचफुलाच्या बाजूला लावला. आता म्हणेल. त्यांचा पाय ब्रेकवर तयार होता.

पंचफुला खिडकीतून नाला बघत होती. नाल्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पहिला हिसका बसला. दुसऱ्याला दौलतसिंगचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. तिसऱ्यानंतर लाल दिवा लागला आणि गाडी चढावर गप्प उभी राहिली.

"हे काय हाय?"

"हे असंच हाय," मारोतराव म्हणाले. इतका वेळ अडवून धरलेलं वाक्य बाहेर पडल्यावर त्यांना हलकं वाटलं. "गर्दीत तापते. गिअरबॉक्स जाऊन राह्यला तिचा."

दौलतसिंग खाली उतरला. चिडला नाही; व्यापारी माणूस, वाचल्याचा आनंद त्याला कळत होता. "वयनी, एक जुडी तं द्या. रिकाम्या हातानं कायले जाऊ?"

पंचफुलानं निवडून दोन दिल्या. एक ट्रॉलीवाला ओळखीचा निघाला, दौलतसिंग मेथीसकट कापसावर चढून बसला.

दोघं गाडी निवायची वाट बघत बसली. मारोतराव म्हणाले, "आज थरथर आयकू नाई आली वाट्टे."

"कान दुखून राह्यला सकाळपासून."

"कोनता?"

"दोनी."

मारोतरावांनी मान हलवली. तेवढ्यात प्रज्वलचा फोन आला.

"बाबा, काय झालं? ठरलं का?"

मारोतरावांनी शेजारी पाहिलं. पंचफुला पिशवीतल्या उरलेल्या जुड्या सारख्या करत होती.

"गिऱ्हाईक चांगलं होतं," ते म्हणाले. "गाडीच नाई म्हनली."

लाल दिवा विझला. रांग पुढे सरकली होती. त्यांनी गाडी एका दमात चढावरून काढली आणि पूल ओलांडला. पलीकडे पुन्हा ट्रॉल्याच ट्रॉल्या.

"थांबा," पंचफुला म्हणाली.

मारोतराव थांबले. कानाचं दुखणं पुलाच्या अलीकडेच राहिलं होतं.