नोंदी अपुऱ्या

आमच्या संस्थेचा चार वर्षांचा पहिला अहवाल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छापखान्यात द्यायचा होता. सकाळी मी शेवटचा तक्ता कॉम्प्युटरवर काढला. सगळ्या गावांपुढं आकडे आले. माझ्या गावापुढं दोनच शब्द आले: नोंदी अपुऱ्या.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत काढला. परत तेच.

त्या नोंदी माझ्या बायकोच्या होत्या.

आमची संस्था सांगलीत आहे. विहिरींचं पाणी किती खाली गेलं, किती वर आलं, याचा हिशेब ठेवते. प्रत्येक गावात एक बाई दर मंगळवारी ठरलेल्या विहिरीत टेप सोडते आणि कठड्यापासून पाणी किती मीटरवर आहे ते मोबाईलवर भरून पाठवते. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथं हे काम बनाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चार वर्षं केलं. तिचं माहेर खटाव तालुक्यातलं. तिकडं पाण्याची ओढ कायमची, त्यामुळं विहीर दिसली की आत डोकावल्याशिवाय ती पुढं जायची नाही. बाकीच्या बायका शेजारच्या घरात डोकावतात, ही विहिरीत.

गेल्या वर्षी ती गेली. पोटाचं दुखणं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिच्यामागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी टेप परत करायला संस्थेत गेलो. आमचे प्रमुख नानासो. त्यांनी टेप हातातसुद्धा घेतली नाही.

"परत कशाला देताय, राजाराम? आता तुमी मोजा. आन् रोज हितं येऊन बसा. घरात बसून भिंती मोजणार हाय का?"

मी सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार क्लार्क होतो. टायपिंग येत होतं, म्हणून मला कॉम्प्युटरवर बसवलं. शेजारच्या टेबलावर संयोगिता होती. मिरजेची पोरगी, संख्याशास्त्र शिकलेली. संस्थेचे सगळे आकडे कॉम्प्युटरच्या 'आर' नावाच्या भाषेत चालतात, ती तिनं मला शिकवायला घेतली. या वयात नवीन भाषा म्हणजे मी घाबरलो होतो. पण मला त्या दिवसांत सकाळी उठायला काहीतरी कारण पाहिजे होतं, ते त्या पोरीनं दिलं.

सुरुवातीला मी सगळं लांबलचक लिहायचो. पहिली नोंद घे, तिच्यातून कठड्याची उंची वजा कर, ठेव. दुसरी घे, वजा कर, ठेव. संयोगितानं एकदा माझ्या मागं उभं राहून बघितलं.

"काका, सैन्यात तुम्ही कवायत घ्यायचा?"

"घ्यायचो की."

"मग एकेका जवानाजवळ जाऊन कानात सांगायचा का, बाबा रे, उजवीकडं वळ?"

"छ्या! समोर उभं राहायचं, एकदाच ओरडायचं, 'दाहिने मुड'. सगळी रांग वळती."

"मग इथं कानात का सांगताय?"

तेव्हापासून मला समजलं. आरमध्ये आकड्यांच्या रांगेला व्हेक्टर म्हणतात. रांगेतून उंची वजा कर, असं एका ओळीत लिहिलं की सगळ्या रांगेतून ती एकदम वजा होते. मला हे लय आवडलं. माझे पानभर लिहिलेले उद्योग दोन-चार ओळींवर आले. घरी गेल्यावर हे कुणाला तरी सांगावं असं वाटायचं. सांगायला कुणी नव्हतं, ते सोडा.

तर त्या सकाळी तक्त्यात 'नोंदी अपुऱ्या' आलं आणि मी संयोगिताला हाक मारली.

"ही चूक हाय," मी म्हणालो. "ती एक बी मंगळवार चुकवायची न्हाई. मी बघितलंय. जत्रंत पाहुणे घरात बसवून विहिरीवर गेलेली हाय ती."

"काका, चिडू नका. बघूया." तिनं खुर्ची ओढली. "माझ्या आधी इथं कुणालदादा होता, हिशेबाची ही फाईल त्यानं लिहिली होती. तो आता पुण्याला गेला."

ती वरपासून वाचत खाली आली आणि एका ओळीवर थांबली. कॉम्प्युटरला आलेल्या मजकुराचा आकडा करता आला नाही, तर तो त्या जागी एनए ठेवतो, म्हणजे 'नोंद नाही', आणि तसा इशारा देतो. कुणालनं तो इशारा बंद करून ठेवला होता. पुढच्या ओळीत एनए गाळून सरासरी काढली होती. आणि निम्म्यापेक्षा जास्त एनए असतील, तर गावापुढं 'नोंदी अपुऱ्या'.

"म्हणजे नोंदी आल्यात," ती म्हणाली. "पण कॉम्प्युटरला वाचता येत नाहीयेत."

तिनं मूळ नोंदी उघडल्या. पहिल्या वर्षाच्या सरळ होत्या. त्याच्या पुढं सगळीकडं ६.४०, ६.५५, ७.१० असं मराठी आकड्यांत भरलेलं.

"अरे देवा," संयोगिता म्हणाली. "मावशींनी मराठी आकडे टाकलेत. आरला ते आकडे वाटतच नाहीत, अक्षरं वाटतात."

मला एकदम सगळं आठवलं. पहिल्या वर्षी ती इंग्रजी आकडे भरायची. इंग्रजी आठ आणि मराठी चार सारखेच दिसतात. एकदा पाणी ४.२० वर होतं आणि तिनं घाईत 8.20 भरलं. कुणालचा फोन आला, "मावशी, आठवड्यात निम्मी विहीर पिऊन टाकली का काय?" तो चेष्टेनं म्हणाला होता, पण तिला लागलं. त्या दिवशी तिनं मोबाईल माझ्यापुढं ठेवला.

"आवं, ह्यात मराठी आकडं बसवा. आजपास्नं मी मराठीतच भरनार. परत चूक व्हायला नगं."

मी बसवून दिले. आणि परत एकही चूक झाली नाही. चूक होऊ नये म्हणून तिनं जे केलं, त्याच्यामुळंच तिच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या.

"मी हातानं परत भरतो," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत करतो."

"हातानं भरताना चाराचा आठ तुम्ही केला तर?"

हे बरोबर होतं. मग मी लिहायला घेतलं. पहिली नोंद घे, त्यात शून्य आहे का बघ, असेल तर बदल. एक आहे का बघ, असेल तर बदल. नऊपर्यंत. मग दुसरी नोंद घे. घाईत कंस चुकत होते.

"हवालदारसाहेब," संयोगिता हळूच म्हणाली, "परत कानात सांगायला लागला."

मी हात उचलले. तिनं कीबोर्ड स्वतःकडं घेतला नाही. मला म्हणाली, तुम्हीच लिहा, मी सांगते. मी ही ओळ लिहिली:

pani <- as.numeric(chartr("०१२३४५६७८९", "0123456789", nond))

nond म्हणजे बनाच्या नोंदींची रांग. डावीकडचे दहा आकडे दिसतील तिथं उजवीकडचे दहा ठेव आणि सगळ्याचे आकडे कर, एवढंच त्यात आहे. मी एन्टर दाबलं. मला वाटलं थोडा वेळ लागेल. काहीच वेळ लागला नाही. तिची सगळी रांग एकदम वळली.

तक्ता परत काढला. आमच्या गावापुढं आकडे आले. उन्हाळ्यात खाली गेलेलं पाणी, श्रावणात वर आलेलं, ओढ्यातला गाळ काढला त्या वर्षी जास्तच वर आलेलं. मी नुसता बघत बसलो. संयोगितानं माझ्यापुढं पाण्याची बाटली सरकवली. त्याबद्दलही मी तिचा आभारी आहे.

मग ती म्हणाली, "थांबा. इशारा आलाय. थोडे एनए अजून राहिलेत."

"आता आनी काय?"

"बघूया कोणते ते. लिहा."

nond[is.na(pani)]

ज्यांचा आकडा झाला नाही, तेवढेच दाखव, असा याचा अर्थ. आकड्याचा रकाना कुणालनं मोकळा ठेवला होता, त्यात काहीही लिहिता यायचं. पडद्यावर या ओळी आल्या:

"कोरडी"

"कठड्यावर साप हाय. उद्या मोजते."

"शिराळ्याला नागपंचमीला गेलेवते. बुधवारी मोजलं."

"कुणाल बाळा टेप तुटली दुसरी पाठव"

"ताकद न्हाई आज. ह्यांनी मोजलं ६.१०. दोनदा इचारलं. बरुबर असंल."

संयोगितानं चौथी ओळ वाचून हसू दाबलं होतं. पाचवी वाचल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं.

ती मला आठवत होती. बना अंगणात बाजेवर बसलेली. मी विहिरीवरून आलो. तिनं विचारलं, किती? मी सांगितलं, सहा दहा. परत विचारलं, कठड्यापास्नं का पायरीपास्नं? मी चिडून म्हणालो, अगं, पलटणीचे निरोप हाताळलेत मी. त्यावर तिनं मोबाईलवर काय टाईप केलं ते मी बघितलं नव्हतं.

मी हसलो. बरेच महिने हसलो नव्हतो तसा हसलो, आणि मग डोळे पुसले. "बरुबर असंल म्हणं," मी म्हणालो. "मेली, तरी तिला माझी खात्री न्हाई."

तेवढ्यात नानासो आत आले. "छापखानेवाला डोकं खायला लागलाय. झालं का न्हाई?" त्यांनी पडद्याकडं वाकून बघितलं, शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि चष्मा काढला. मग म्हणाले, "छापखानेवाल्याला म्हणावं, दमानं घे."

संयोगितानं मला विचारलं, "काका, या ओळींचं काय करायचं? सरासरीत एनएच राहतील."

"राहू दे की. मोजलं न्हाई तिथं न्हाईच म्हनायचं. ती पन तेच म्हनली असती." मग मी म्हणालो, "पन पुसू नगंस."

"पुसते कशाला?" ती म्हणाली. तिनं तिथंच एक नवा रकाना केला, त्याला 'शेरा' नाव दिलं आणि एका ओळीत सगळे शब्द त्यात नेऊन ठेवले. शेवटच्या नोंदीतला ६.१० मात्र तिनं मला विचारून आकड्यांत घेतला. "मावशी म्हणतात बरोबर असंल, मग घेते," म्हणाली.

अहवाल गेला. आमच्या गावाचं पान त्यात आहे. पानाखाली नोंदी घेणारीचं नाव छापायचं ठरलं होतं, तिथं बनाबाईचं नाव आहे.

ती गेल्यापासून विहिरीवर मी जातो. मंगळवारी सकाळी टेप सोडतो आणि मग सांगलीची गाडी धरतो. इतके दिवस मी इंग्रजी आकडे भरत होतो. त्यानंतरच्या मंगळवारी मी मोबाईलवर परत मराठी आकडे बसवले. आता ती ओळ आहे, कुणाच्याच नोंदी जाणार नाहीत. मी ५.७० भरलं. संयोगितानं मोबाईलवरही बसवलेला शेऱ्याचा रकाना खाली रिकामा होता, त्यात लिहिलं:

"कठड्यापास्नं मोजलं. बरुबर हाय."